कमाल दर वाचून कांदा भरताय? बाजारभावाचे तीन आकडे काय सांगतात, ते आधी समजून घ्या

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा झाल्यावर हाती पडला अवघ्या २ रुपयांचा धनादेश. त्या धनादेशाची चर्चा देशभर झाली. मात्र बाजारभावाचा तक्ता कसा वाचायचा आणि पट्टी कशी तपासायची, हा रोजचा प्रश्न मागेच राहिला.

तीन दर कोणते?

राज्य पणन मंडळ आणि केंद्राच्या ‘ॲगमार्कनेट’ संकेतस्थळावर रोज आवक आणि प्रतिक्विंटल किमान, कमाल व सर्वसाधारण दर दिले जातात. किमान म्हणजे त्या दिवशीच्या लिलावातील सर्वांत कमी, तर कमाल म्हणजे सर्वांत जास्त बोली. ज्या दराने त्या दिवशी सर्वाधिक माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर.

बातमीच्या मथळ्यात आणि व्हॉट्सॲपवर बहुतेकदा कमाल दरच फिरतो. पण तो एखाद्या वक्कलातील मोजक्या पिशव्यांनाही मिळालेला असू शकतो.

सर्वसाधारण म्हणजे सरासरी का?

नाही. समजा, किमान १००, कमाल ३,००० आणि सर्वसाधारण १,२०० रुपये आहे. पहिल्या दोन आकड्यांची सरासरी १,५५० येते, पण जास्तीत जास्त माल विकला गेला तो १,२०० रुपयांनीच. आपल्या मालाचा अंदाज इथूनच बांधायचा. माल मोठा, सुका, एकसारख्या रंगाचा असेल तर दर वर सरकतो; ओला, गोल्टी किंवा मिसळ असेल तर खाली.

हातात किती उरणार?

समजा, २० क्विंटल मालाला ४,००० रुपये गाडीभाडे लागले. म्हणजे क्विंटलमागे २०० रुपये तिथेच गेले. हमाली, तोलाई, पिशव्या आणि काढणीची मजुरी वेगळी. १,२०० चा दर त्यामुळे हजाराच्या आत येतो. दर १०० रुपये मिळाला, तर भाडेही सुटत नाही. दर पडला तरी खर्च तेवढाच राहतो; २ रुपयांचा धनादेश निघाला तो यामुळेच.

पट्टीवर अडत कापली आहे का, हेही पाहावे. फळे-भाजीपाल्यावरील अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून नव्हे, तर खरेदीदाराकडून घ्यायची आहे.

आवक का पाहायची?

लाल कांदा टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांचा माल एकदम निघतो आणि सोलापूरचे यार्ड भरून जाते. कधी कधी लिलाव एखादा दिवस बंद ठेवावे लागतात. तीन-चार दिवस आवक वाढत आणि सर्वसाधारण दर घसरत असेल, तर गाडी ठरवण्यापूर्वी दुसऱ्या बाजार समितीचा दर आणि तिथवरचे भाडे यांचा मेळ घालून पाहावा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबू शकतो. लाल कांद्याला ती सवड नसते.

माहिती कुठे विचारायची?

किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतून विचारता येते. प्रतवारी, साठवणूक आणि पिकांविषयीच्या सल्ल्यासाठी जिल्ह्यात मोहोळ येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

पट्टी फेकू नका

२०२३ मध्ये १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या लाल कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा होती प्रति शेतकरी २०० क्विंटल. अर्जासोबत विक्रीची मूळ पट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा मागण्यात आला. ज्यांची पीक पाहणी राहिली होती, त्यांची धावपळ झाली.

म्हणून पेरणीनंतर ई-पीक पाहणी करायची, गाडी भरण्याआधी सर्वसाधारण दर पाहायचा आणि विक्रीनंतर पट्टी जपून ठेवायची. यामुळे भाव वाढणार नाही. पण भाडे सुटेल की नाही, हे गाडी भरण्याआधीच कळेल.