सॉफ्टवेअरमधली पहिली नोकरी: सही करण्याआधी चार गोष्टी

सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली की घरात पेढे वाटले जातात. पण आपल्या वस्त्यांमधून पहिल्यांदाच इंजिनिअर झालेल्या अनेक मुलामुलींच्या घरी कंपनीचा करार वाचून समजावणारे कोणी नसते. नोकरी हातची जाईल या भीतीने न वाचताच सही होते. म्हणून चार गोष्टी आधीच माहीत हव्यात.

पहिली, बॉण्ड. ‘दोन वर्षांच्या आत सोडले तर इतके लाख भरा’ अशी अट त्यात असते. सगळे बॉण्ड बेकायदा असतात, हा गैरसमज आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षे नोकरीची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. मात्र ती सरकारी बँक होती आणि पुन्हा भरती करण्याचा तिचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते. करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणून विचारा: प्रशिक्षण किती दिवसांचे? खर्च किती? कंपनीनेच काढले तर काय? उत्तरे ईमेलवर घ्या.

दुसरी, स्पर्धक कंपनीत जाण्यावरची बंदी. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नये, ही अट याच कायद्याच्या कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

तिसरी, कोड. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची. तो स्वतःच्या गिटहबवर टाकू नका. परवानगीशिवाय चॅटजीपीटीसारख्या साधनातही पेस्ट करू नका. स्वतःचे प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर आणि स्वतःच्या वेळेत करा. करारात त्यांच्यावरही हक्क सांगितला आहे का, तेही पाहा.

चौथी, मूळ कागदपत्रे. पडताळणीसाठी दाखवा, स्वसाक्षांकित प्रती द्या, पण मूळ प्रमाणपत्रे ठेवून येऊ नका. जात वैधता प्रमाणपत्र अडकले तर तुमची सरकारी भरती अडते आणि धाकट्या भावंडांच्या पडताळणीतही अडचण येऊ शकते. कोणी मागितलीच तर कारण लेखी मागा.

वाद झालाच तर वकिलाच्या फीची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धही त्यात येतात. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

कार्यकर्त्यांनी विहारात महिन्यातून एक रविवार ‘करार वाचन’ ठेवावे. आधी नोकरीला लागलेल्या दादा-ताईंनी नव्यांसोबत बसून करार ओळीने वाचावा. सही एका मिनिटात होते, बांधिलकी मात्र वर्षांची असते.