पत्र्याच्या आगगाडीचा जीर्णोद्धार

अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णेच्या पश्चिम तीरावर, एखादा वाडा उतरवावयाचा ठरला म्हणजे माळ्यावरच्या पेट्या खालीं येतात. भांडीं मोडींत जातात, कागद रद्दींत. तळाशीं चावीचें एखादें पत्र्याचें इंजिन सांपडलें, तर तेंही भंगाराच्या काट्यावर चढतें. त्याची खरी किंमत मात्र वजनांत नसते.

अशा गाडीचें कुळ ओळखण्याची पहिली खूण म्हणजे रुळांमधील अंतर. जर्मनीच्या मेर्क्लिन कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक मापांचे रूळ मांडले. तेव्हांपासून घरांतील संच हळूहळू वाढवीत नेणें शक्य झालें. १९२० मध्यें लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं आपल्या गाड्या बाजारांत आणल्या. त्यांचें माप ‘ओ’ गेज, म्हणजे सुमारें ३२ मिलिमीटर. चाकांमधील अंतर पट्टीनें मोजलें आणि कारखान्याची मुद्रा पाहिली, कीं बहुधा ओळख पटते.

पुढचा प्रश्न दुरुस्तीचा. आणि येथेंच उत्साहाच्या भरांत सर्वांत मोठी हानि होते. गंज दिसतांच काचकागद घासावा, वर चकचकीत रंग द्यावा, असा मोह होतो. परंतु पुष्कळशा डब्यांवरील खिडक्या, क्रमांक आणि अक्षरें पत्र्यावरच छापलेलीं असतात. तीं एकदां खरवडलीं गेलीं, कीं कोणत्याही कुंचल्यानें परत येत नाहींत. म्हणून प्रथम मऊ ब्रशानें केवळ धूळ झाडावी. गंजावर यंत्राच्या पातळ तेलाचा थेंब कापसाच्या बोळ्यानें लावावा, आणि तोही आधीं न दिसणाऱ्या कोपऱ्यांत लावून पाहावा.

चावी लगेच फिरवूं नये. जुनें वंगण वाळून चिकट झालेलें असतें. तें काढून दातेरी चाकांच्या आंसांना एकेक थेंब तेल द्यावें. स्प्रिंग ताणलेली असतां यंत्र उघडलें, तर ती उसळून बोट कापते. ओतीव चाकें फुगून तडकलीं असल्यास दोष जस्ताच्या मिश्रणांत शिरलेल्या शिशाचा असतो. हा रोग बरा होत नाहीं. नवीं चाकें बसवावीं, पण जुनीं टाकूं नयेत. क्षय थांबविणें हाच खरा जीर्णोद्धार. जुन्याचें नवें करणें नव्हे.

एका माणसाच्या छंदांतून किती उभें राहूं शकतें, हें पुण्यांत दिसतें. भाऊसाहेब जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय तेथें १९९८ सालीं सर्वांसाठीं खुलें झालें.

वऱ्हाडास याचें मोल वेगळें सांगावयास नको. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर यांकडे जाणारी ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची ‘शकुंतला’ आतां धांवत नाहीं. १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ मध्येंच विसावलें. खरी गाडी राखणें एका घराच्या आवांक्यांतलें नसतें. पत्र्याचें इंजिन मात्र एक घर वांचवूं शकतें. काट्यावर ठेवण्यापूर्वीं तें उलटें करून त्यावरची मुद्रा वाचावी, एवढेंच.