विश्लेषण : त्रुटींनी भरलेला ‘केन्शी’ गेम खेळाडूंना इतका का आवडतो?

एक पाय निकामी झालेला नायक वाळवंटातून सरपटत गावाकडे निघाला आहे. त्याचा सोबती जिन्यावर अडकून जागच्या जागी धावतो आहे आणि पडदा मध्येच काही सेकंद थिजतो आहे. ‘केन्शी’ हा संगणकीय गेम उघडल्यावर असे चित्र दिसणे नेहमीचेच. ६ डिसेंबर २०१८ रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात आला, तेव्हाही तो जुनाट दिसत होता. तरीही ‘स्टीम’ या विक्री मंचावर खेळाडूंचे अभिप्राय आजही मोठ्या प्रमाणात अनुकूल आहेत. आणि अनुकूल अभिप्राय देणारेच त्यातील दोषांची यादीही मन लावून लिहितात. असे का होते?

हा गेम नेमका काय आहे?

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, या प्रकारात बहुधा ठरलेली कथा असते. जग संकटात असते, ते वाचवण्यासाठी निवडलेली व्यक्ती म्हणजे तुम्ही, आणि शत्रूही तुमच्या ताकदीच्या मापाने समोर येतात. ‘केन्शी’त यापैकी काहीच नाही. मुख्य कथानक नाही, शेवट नाही, विजयाची पाटीही नाही. अंगावर चिंध्या, हातात गंजके हत्यार आणि खिशात थोडी ‘कॅट्स’ (हे तिथल्या चलनाचे नाव) घेऊन तुम्ही एका उद्ध्वस्त जगात उभे राहता. व्यापार करा, चोऱ्या करा, टोळी जमवा, गाव वसवा किंवा उपाशी मरा. कोणाला काही फरक पडत नाही.

हे जग सुमारे ८७० चौरस किलोमीटरचे असल्याचे निर्माते सांगतात. माणसांबरोबर कपाळावर शिंगे असलेले लढवय्ये शेक, किडकिडीत अंगाचे हायव्हर आणि ‘स्केलेटन’ म्हणवले जाणारे प्राचीन यंत्रमानव तिथे राहतात.

तो कोणी घडवला?

क्रिस हंट या ब्रिटिश प्रोग्रामरने २००६च्या सुमारास एकट्याने काम सुरू केले. उदरनिर्वाहासाठी तो अर्धवेळ सुरक्षारक्षकाची नोकरी करत होता. २०१३ मध्ये अपुरा गेम ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ पद्धतीने स्टीमवर आला. यात ग्राहक अर्धवट वस्तू विकत घेतो आणि त्या पैशातून ती पुरी केली जाते. त्या विक्रीतून ‘लो-फाय गेम्स’ या त्याच्या संस्थेत मोजकी माणसे घेता आली. पहिल्या दिवसापासून पूर्ण आवृत्तीपर्यंत सुमारे १२ वर्षे गेली. एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम एका माणसाने सुरू केल्याच्या खुणा गेममध्ये जागोजागी दिसतात.

मार खाण्यात मजा कसली?

‘केन्शी’चा खरा जीव इथे आहे. प्रत्येक कौशल्य वापरूनच वाढते. धावल्याने वेग वाढतो, पाठीवर खनिजाचे ओझे घेऊन चालल्याने ताकद. आणि चिवटपणा वाढतो तो मार खाऊन, विशेषतः जखमी अवस्थेत शत्रू समोर असताना पुन्हा उठून उभे राहिल्याने. इतर गेममध्ये हरलो की मागच्या टप्प्यावरून सुरुवात. इथे हरणे हाच सराव.

म्हणून पहिले काही तास वेगळेच जातात. भुकेले डाकू मागे लागले की लढायचे नाही, गावाच्या वेशीकडे पळत सुटायचे. दारावरचे पहारेकरी डाकूंना लोळवतात, मग आपण जाऊन त्यांचे खिसे तपासायचे. यात शौर्य नाही, पण पोट भरते.

शरीराचा हिशेबही अवयवानुसार ठेवला जातो. पाय निकामी झाला तर सरपटायचे, हात गेला तर दोन हातांचे शस्त्र विसरायचे. तुटलेल्या अवयवाच्या जागी यांत्रिक अवयव बसवता येतो, पण त्याचीही किंमत असते. ‘होली नेशन’ या धर्मराज्यात यंत्राचा हात म्हणजे पाप. तिथल्या गस्तीला तो दिसला की तलवारी बाहेर येतात. म्हणजे एका चकमकीत हात गेला आणि नकाशाचा मोठा तुकडा शत्रूचा प्रदेश झाला, तोही कोणत्याही लेखकाने तसा प्रसंग न लिहिता.

बेशुद्ध पडलेल्याला गुलामांचे व्यापारी उचलून नेतात तेव्हा तर गेम आणखी रंगतो. बेड्या पडतात, दगड फोडावे लागतात. मात्र रात्री स्वतःच्याच बेड्यांचे कुलूप उघडण्याचा प्रयत्न करत राहिले की कुलूप फोडण्याचे कौशल्य वाढत जाते. पळताना पकडले गेलो की पहारेकरी झोडपतात, त्याने चिवटपणा वाढतो. तुरुंग ही तालीमच होऊन बसते. माझ्या टोळीतील एकाने पाय गमावल्यावर दुसऱ्याने त्याला खांद्यावर घालून रात्रभर चालत गावापर्यंत आणले. वाटेत लांब दिवे दिसले की थांबायचे, गस्त पुढे गेली की निघायचे. या दोघांना गेमने एकही संवाद दिलेला नाही. तरी अनेक महागड्या गेममधील अश्रू आणणाऱ्या दृश्यांपेक्षा ही वाटचाल अधिक लक्षात आहे.

मग त्रुटी कोणत्या?

भरपूर. कॅमेरा हट्टी आहे. पडद्यावर आकडे आणि बटणांची इतकी गर्दी असते की लेखापालाचे दुकान आठवावे. नवख्याला शिकवण्याची सोय जेमतेम. ‘ओगर’ या जुन्या ग्राफिक्स इंजिनावर उभारलेला असल्याने एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना तो अडखळतो. वाट शोधण्याच्या यंत्रणेचे तर नाव काढू नये. उतारावर बांधलेल्या घराच्या दाराशी टोळी गोंधळून उभी राहते. मेनूत ‘इम्पोर्ट’ नावाचा पर्याय आहे. त्याने जगाची घडी नव्याने बसवता येते, आणि बिघाड झाला की खेळाडू सर्रास त्याचाच आधार घेतात.

याहून मोठी तक्रार रचनेबद्दल आहे. गावाशेजारी तांबे खणत बसणे हा सुरुवातीला सर्वात सुरक्षित आणि सर्वात कंटाळवाणा उद्योग, आणि गेम त्यालाच चांगले पैसे देतो. लांबलचक प्रवासात पुष्कळदा काहीच घडत नाही. वेळ अधिक वेगाने पळवण्याचे बटण दिले आहे, ही त्याची कबुलीच म्हणायची.

दोष असूनही की दोषांमुळे?

‘दोष हेच सौंदर्य’ असे काही चाहते म्हणतात, ते पटत नाही. जिन्यावर अडकलेला सोबती हा बिघाडच आहे. तो सुधारला असता तर कोणाचेही काही बिघडले नसते. रिकामे माळ आणि बेफिकीर जग यांची गोष्ट मात्र वेगळी. मोठ्या कंपनीत पहिल्याच चाचणीनंतर कोणीतरी म्हणाले असते, की पहिल्या तासात खेळाडू दहादा मार खातो आहे, तेवढे सोपे करा. इथे तसे म्हणणारे कोणी वर बसलेले नव्हते. त्यामुळे तपासणीत गळायला हवे होते ते दोष राहिले, आणि तपासणीत गळून गेला असता तो निर्दयपणाही राहिला.

उरलेली डागडुजी खेळाडूंनी केली. ‘फर्गॉटन कन्स्ट्रक्शन सेट’ हे संपादनाचे साधन गेमसोबतच मिळते. त्यातून चाहत्यांनी केलेले असंख्य बदल, म्हणजे ‘मॉड्स’, स्टीमवर मोफत आहेत.

कोणी खेळावा?

मोबाइलवर तो मिळत नाही, विंडोज संगणक लागतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर अडखळणे बरेच कमी होते. रोज अर्धा तासच हाताशी असेल तर यापासून लांब राहिलेले बरे. अर्धा तास तर गावाबाहेर पडण्यातच जातो.

पुढचा भाग येणार का?

‘केन्शी २’ची घोषणा २०१९ मध्ये झाली. कथा पहिल्या भागाच्या सुमारे हजार वर्षे आधीची असेल आणि या वेळी ‘अनरिअल’ हे आधुनिक इंजिन वापरले जात आहे. म्हणजे अडखळणे कमी होईल, चेहरे बरे दिसतील. नायकाला पहिल्याच तासात डाकूंच्या हाती सोडून देण्याची तयारी या वेळी असेल का, हे कोणतेही इंजिन ठरवणार नाही.