‘मी जाड आहे’ याची इतकी खात्री कुठून येते? इटिंग डिसऑर्डर रोखू पाहणारं मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग काय आहे?

घरच्या ग्रुपवर लग्नाचे फोटो येतात. फोटोत तीसेक जण आहेत, पण तुमची नजर थेट स्वतःच्या दंडावर जाते. ‘किती जाड दिसतेय मी!’ पाठोपाठ दुसरा विचार येतो, ‘सगळ्यांना हेच दिसलं असणार.’ मग तिसरा, ‘उद्यापासून रात्रीचं जेवण बंद.’

जेमतेम पाच सेकंदांत तीन विचार. त्यातला एकही आपण तपासून पाहिलेला नसतो.

बहुतेकांच्या डोक्यातून हे संध्याकाळपर्यंत निघून जातं. काहींच्या डोक्यात मात्र ते मुक्काम ठोकतं आणि हळूहळू जेवणाचे नियम ठरवू लागतं. अशा, आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांसाठी मानसशास्त्रज्ञ एक छोटं ऑनलाईन प्रशिक्षण आजमावून पाहत आहेत. त्याचं नाव मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग.

धोका कोणाला आहे, हे कसं कळतं?

इटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याच्या नुसत्या वाईट सवयी नव्हेत. अ‍ॅनोरेक्सियामध्ये वजन वाढण्याच्या भीतीने खाणं इतकं कमी होतं की शरीर खंगत जातं. बुलिमियामध्ये थोड्या वेळात भरपूर खाल्लं जातं आणि मग त्याची ‘भरपाई’ म्हणून उलटी, उपास किंवा अतिव्यायाम केला जातो. बिंज इटिंगमध्ये अशी भरपाई नसते, पण खाण्यावरचा ताबा वारंवार सुटतो.

हे आजार बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतात. मुलींमध्ये प्रमाण जास्त असलं तरी मुलगेही यातून सुटत नाहीत. सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते.

धोक्याचा अंदाज घेण्यासाठी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘स्कॉफ’ नावाची पाच प्रश्नांची चाचणी मांडली. पोट जास्त भरलं म्हणून मुद्दाम उलटी करता का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? थोड्या महिन्यांत बरंच वजन उतरलंय का? इतर जण बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतः जाड वाटतं का? खाण्याच्या विचारांनी आयुष्य व्यापलंय का? दोन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ असतील तर तज्ज्ञांकडे जावं, असा त्याचा अर्थ. आजार झालाच आहे, असा नव्हे.

मेटाकॉग्निशन म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, स्वतःच्या विचारांबद्दल विचार करणं. परीक्षेत उत्तर लिहून झाल्यावर ‘हे मला खरंच येतंय, की नुसतं तसं वाटतंय?’ असं आपण स्वतःला विचारतो, ते मेटाकॉग्निशन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात ही संकल्पना रुजवली.

त्यावरून उपचाराची पद्धत तयार झाली जर्मनीत. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातले स्टेफेन मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी सायकोसिसच्या, म्हणजे भ्रम-भास होणाऱ्या रुग्णांसाठी हे प्रशिक्षण बनवलं. पुढे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातले रायन बाल्झन आणि सहकाऱ्यांनी ते अ‍ॅनोरेक्सियासाठी बदलून घेतलं. उपचार घेत असलेल्या किशोरवयीन मुलींवरचा त्यांचा छोटा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारांमधला ताठरपणा आणि ‘सगळं परिपूर्णच हवं’ हा हट्ट, या दोन गोष्टींवर त्यात भर होता.

यात नेमकं करतात काय?

हॅम्बुर्गच्या मूळ प्रशिक्षणातला एक सराव पाहा. पडद्यावर एक चित्र तुकड्यातुकड्याने उलगडत जातं. दोनचार रेघा दिसल्या की आपण ‘कळलं!’ म्हणतो. चित्र पूर्ण होतं आणि ते भलतंच काहीतरी निघतं. चूक होणं मोठी गोष्ट नाही. अपुऱ्या पुराव्यावर आपली किती पक्की खात्री झाली होती, हे इथे अनुभवाला येतं.

सुरुवात अशा साध्या उदाहरणाने होते, कारण त्यात वजनाचा, शरीराचा विषयच नसतो. त्यामुळे लाज वाटत नाही आणि बचावाची भिंतही उभी राहत नाही. मग तोच सापळा रोजच्या आयुष्यात कुठे दिसतो, हे शोधायचं. ‘ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे माझ्या पोटाला हसली’ हा घाईचा निष्कर्ष. तीस जणांच्या फोटोत फक्त स्वतःचा दंड दिसणं ही निवडक नजर. ‘एक बिस्किट खाल्लं, आता आजचा दिवस वायाच गेला’ हा ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा विचार.

घरातले लोक सहसा याच्या उलट वागतात. ‘कुठे जाड आहेस गं तू?’ असं म्हणून वाद घालतात. पण या वादाची उत्तरं मुलीकडे तयारच असतात. हे प्रशिक्षण ‘तू जाड आहेस की नाही’ या वादात शिरतच नाही. ‘तुला इतकी खात्री कशावरून झाली?’ एवढंच विचारायला शिकवतं.

मग ते ऑनलाईन आणि छोटं कशासाठी?

उंबरठ्यावरचे लोक दवाखान्यात जात नाहीत म्हणून. काहींना लाज वाटते, काहींना ‘आपल्याला कुठे काय झालंय’ असं वाटतं. भारतात तर एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. मोबाईलवर, कोणाला न सांगता करता येणारा सराव अशा वेळी पहिलं दार ठरू शकतो.

पण याने आजार खरंच टळतो का?

इथे जरा थांबायला हवं. अमेरिकेत वजनाची फार चिंता करणाऱ्या ४८० कॉलेजवयीन तरुणींवर ‘स्टुडंट बॉडीज’ या वेगळ्या ऑनलाईन कार्यक्रमाचा अभ्यास झाला होता. आठ आठवड्यांच्या या कार्यक्रमाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनाची चिंता कमी झाली, पण एकूण पाहता नव्याने आजारी पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. सुरुवातीला वजन जास्त असलेल्या तरुणींसारख्या काही गटांना मात्र फायदा झाला.

म्हणजे विचार सैल होणं आणि आजार टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंगलाही हीच कसोटी लावायला हवी. सराव संपल्या संपल्या गुण सुधारले, एवढं पुरेसं नाही. वर्षभराने काय झालं आणि किती जणांनी ते अर्ध्यावर सोडलं, हेही पाहावं लागेल.

हे कोणासाठी नाही?

चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, वारंवार उलट्या केल्या जात असतील किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर मोबाईलवरच्या सरावात वेळ घालवू नका. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. थेट डॉक्टरांकडे जा. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत हेल्पलाईनवर १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि घरात कोणी फोटो पाहून अचानक गप्प झालं, रात्री ताटावर आलंच नाही, तर ‘जाड नाहीयेस’ हे पटवत बसू नका. ‘फोटो बघताना मनात काय आलं?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.