पाच ताऱ्यांची साक्ष

न्यू जर्सीहून टेक्सासला राहायला जायचे ठरले, तेव्हा आमचे सामान फार नव्हते. थोडेसे लाकडी फर्निचर, मुलांच्या सायकली, स्वयंपाकघरातील भांडी आणि पुस्तकांची चौदा खोकी. या खोक्यांत महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड होते. आमच्या बाबांनी ते एकेक करून जमवले होते आणि प्रत्येक भारतवारीत आम्ही दोन-तीन खंड इकडे आणले होते. आजीने शिवलेली एक वाकळही त्या सामानात होती. विम्याच्या अर्जावर या वस्तूंची किंमत काय लिहावी, हे आम्हां उभयतांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

गावाकडे असतो तर सामान हलवण्यासाठी कोणाला बोलवावे, हे आम्ही शेजाऱ्याला विचारले असते. परक्या देशात तसा शेजार लाभायला वर्षे लागतात. तोवर ओळखीच्या माणसाची जागा अनोळखी लोकांचे अभिप्राय घेतात. दंतवैद्य, पाळणाघर, वकील, छप्पर दुरुस्त करणारा, सगळेच आपण ताऱ्यांवरून निवडतो. आम्हीही तसेच केले. ज्या मूव्हर्सना सरासरी ४.९ तारे आणि दोनशेहून अधिक अभिप्राय होते, त्यांना सामान सोपवले. घर न पाहता, केवळ फोनवर त्यांनी २,९०० डॉलरचा अंदाज दिला. कमी वाटला, पण पाच तारे पाहून मनातील शंका आम्हीच दाबली.

सामान घेऊन गाडी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. वजन अधिक भरले आहे, आता ६,४०० डॉलर द्यावे लागतील, तोवर सामान गोदामात राहील. अकरा दिवस आम्ही रिकाम्या घरात जमिनीवर झोपलो. बाराव्या दिवशी पैसे भरले. सामान आले, त्यात दोन खोकी भिजलेली होती. राज्याराज्यांतील सामानवाहतुकीचे केंद्रीय नियम आम्हांला नंतर समजले. अंदाज बंधनकारक नसला, तरी सामान पोहोचवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. उर्वरित रकमेचे बिल नंतर पाठवावे लागते. म्हणजे ३,१९० डॉलर हातात पडताच आमचे सामान आम्हांला मिळायला हवे होते. पण हा नियम आम्हांला कोणत्याही ताऱ्याने सांगितला नव्हता.

मुले झोपल्यावर एका रात्री आम्ही तेच दोनशे अभिप्राय पुन्हा वाचायला बसलो. पहिल्या वेळी न दिसलेले आता दिसू लागले. बहुतेक अभिप्राय अवघ्या तीन महिन्यांतले होते. ‘उत्कृष्ट सेवा, वेळेवर पोहोचले’ ही शब्दयोजना पुनःपुन्हा येत होती. सामान कोठून कोठे गेले, पियानो होता की फ्रीज, पाऊस होता की ऊन, याचा कोठे पत्ता नव्हता. एका लेखकाने त्याच आठवड्यात फ्लोरिडातील दंतवैद्याचे आणि सिअॅटलमधील छप्परवाल्याचेही असेच कौतुक केले होते. याउलट, एक तारा देणाऱ्या सात-आठ जणांनी दिवस, रक्कम, फोनवरील बोलणे असे सर्व तपशील नोंदवले होते. खरे साक्षीदार तेथे होते. आम्ही सरासरी पाहिली, साक्ष वाचली नाही.

हे खोटे अभिप्राय येतात कोठून? ताऱ्याला बाजारात किंमत आहे, हे यामागचे सरळ कारण. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लूका यांनी सिअॅटलमधील उपाहारगृहांचा अभ्यास केला. येल्पवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा लाभ साखळी उपाहारगृहांना नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिकांना होतो. ज्याचे नाव आधीच परिचित आहे, त्याला ताऱ्यांची गरज कमी. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचा संसार ताऱ्यांवर चालतो. मोह तेथूनच सुरू होतो.

न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने २०१३ साली हा बाजार उघड केला. ब्रुकलिनमध्ये दह्याचे दुकान असल्याचे सोंग घेऊन त्यांच्या लोकांनी प्रसिद्धी-संस्थांकडे मदत मागितली, तेव्हा अनेकांनी खोटे अभिप्राय लिहून देण्याची तयारी दाखवली. हे लेखन फिलिपाईन्स, बांगलादेश आणि पूर्व युरोपातील लोकांकडून एका अभिप्रायाला १ ते १० डॉलर देऊन करून घेतले जात होते. या प्रकरणात १९ कंपन्यांनी मिळून साडेतीन लाख डॉलरहून अधिक दंड भरला. २०१७ साली लंडनच्या ओबा बटलर या पत्रकाराने तर स्वतःच्या बागेतील खोपटाला उपाहारगृह म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवले आणि मित्रांच्या खोट्या अभिप्रायांच्या बळावर काही महिन्यांतच ते शहरात पहिल्या क्रमांकावर नेले. त्या उपाहारगृहात तोपर्यंत कोणी एक घासही खाल्लेला नव्हता.

अभिप्राय वाचायला आपण पैसे देत नाही. येल्पसारख्या संकेतस्थळाचे उत्पन्न मुख्यतः ज्यांची परीक्षा व्हायची त्या व्यावसायिकांच्या जाहिरातींतून येते. जाहिरात न घेतल्याने आमचे चांगले अभिप्राय दडपले गेले, असा आरोप काही लहान व्यावसायिकांनी न्यायालयात केला होता. २०१४ साली नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो खंडणी ठरवण्यास नकार दिला. येल्प संशयास्पद अभिप्राय यंत्राद्वारे बाजूला काढते, आणि बोस्टनमधील उपाहारगृहांविषयीच्या एका अभ्यासात असे सुमारे १६ टक्के अभिप्राय आढळले होते. हे वगळलेले अभिप्राय पानाच्या तळाशी वेगळ्या दुव्यावर वाचता येतात. त्यांत खोटे असतात, तसे नवख्या माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेलेही असतात. जुन्या, प्रतिष्ठित व्यवस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. १९१२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या बेटर बिझनेस ब्युरोने लॉस एंजेलिस परिसरातील आपली सर्वांत मोठी शाखा २०१३ साली संघटनेतून काढून टाकली. पैसे भरणाऱ्या सभासदांना चढी श्रेणी मिळते, असा आरोप त्या शाखेवर झाला होता.

कायदा आता जागा होत आहे. व्यावसायिकाने करारात ‘वाईट अभिप्राय लिहू नये’ असे कलम घातले, तर अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्याने ते निरर्थक ठरते. चारपेक्षा कमी ताऱ्यांचे अभिप्राय प्रकाशितच होऊ दिले नाहीत, या आरोपावरून फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीला २०२२ साली ४२ लाख डॉलर मोजावे लागले. २१ ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला. खोटे अभिप्राय लिहिणे, विकणे किंवा विकत घेणे, यंत्राकडून लिहून घेणे, मालकाच्या नातलगांनी वा नोकरांनी नाते लपवून लिहिणे, हे सर्व त्यात मोडते. प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार डॉलरहून अधिक दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्येही ६ एप्रिल २०२५ पासून खोट्या अभिप्रायांवर बंदी आली असून जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारताने २०२२ साली आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, पण ते ऐच्छिक आहे. तरीही, दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला सहसा जबाबदार धरता येत नाही, हे १९९६ पासूनचे अमेरिकी कायद्याचे तत्त्व कायम आहे. दंड होईतो आपले सामान गोदामातच असते.

मग अभिप्राय वाचूच नयेत का? आम्ही आजही वाचतो, मात्र वाचण्याचा क्रम बदलला आहे. प्रथम सरकारी नोंद पाहतो. मूव्हर्स असतील तर केंद्रीय वाहतूक विभागाचा क्रमांक, त्यावरील परवाना आणि तक्रारी; शिवाय ते स्वतः वाहतूक करतात की केवळ दलाली, हेही तेथे कळते. वकील असेल तर राज्याच्या बार संघटनेची नोंद, डॉक्टर असेल तर राज्याच्या वैद्यकीय मंडळाची. त्यानंतर अभिप्राय उघडतो, ते तारखांच्या क्रमाने. तीन ताऱ्यांचे आधी वाचतो, कारण अशा माणसाला स्तुतीचा किंवा सूडाचा मोह कमी असतो. मालकाने तक्रारीला काय उत्तर दिले, तेही पाहतो. एकाच संकेतस्थळावर विसंबत नाही, आणि शेवटी या देशात आपल्याआधी आलेल्या दोन कुटुंबांना फोन करतो.

आता आमच्याविषयी. केंद्रीय विभागाकडे तक्रार करून आम्ही संकेतस्थळावर सविस्तर अभिप्राय लिहिला. आठवड्याभरात त्या मूव्हर्सच्या माणसाचा फोन आला. अभिप्राय काढून टाका, आठशे डॉलर परत देतो. अशा सौद्याला प्रमुख संकेतस्थळांच्या नियमांतही परवानगी नाही, पण तेव्हा नियमांपेक्षा घरभाड्याचा आकडा आमच्या डोळ्यांपुढे होता. दोन दिवस आमच्यात वाद झाला. आपलेच पैसे परत मिळत आहेत, त्यात पाप कसले, असे एकाचे म्हणणे. आपल्या आधीच्या किती जणांनी असेच पैसे घेऊन आपला अभिप्राय काढला असेल, म्हणूनच आपल्याला ४.९ तारे दिसले, असे दुसऱ्याचे. अखेर आम्ही अभिप्राय काढला नाही. काही महिन्यांनी ते नावच संकेतस्थळावरून गेले. त्याच फोन क्रमांकावर नव्या नावाची कंपनी सुरू झाली होती, तिच्या खात्यावर एकही वाईट अभिप्राय नव्हता. आमची साक्ष जुन्या नावाबरोबर गेली. सरकारदरबारची तक्रार तेवढी उरली.

याच काळात एक जुनी गोष्ट मनात टोचू लागली. त्याआधी वर्षभर, आपल्याच मंडळातील एका कुटुंबाने लहानसे उपाहारगृह काढले होते. मंडळाच्या गटावर निरोप आला होता, ‘सर्वांनी पाच तारे द्यावेत.’ आम्ही तेथे पाऊलही न ठेवता पाच तारे दिले आणि ‘अप्रतिम चव’ असे लिहिले. आपल्या माणसाचा धंदा उभा राहावा, हाच हेतू होता. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दुकान थाटू दिले गेले नाही, त्याने एकमेकांना हात द्यावा यात गैर काय, असे आम्हांला वाटले होते. पण ते वाचून कोणी अनोळखी कुटुंब तेथे गेले असेल, तर त्यांच्यासाठी आम्ही आणि डॉलरला एक अभिप्राय लिहिणारा यांत फरक तो काय? दर रविवारी मुलांसोबत खोटे न बोलण्याचे शील ग्रहण करायचे आणि सोमवारी ताऱ्यांत खोटे लिहायचे, हे आमच्याच्याने पुढे निभेना.

तो अभिप्राय आम्ही पुसला. मग सहकुटुंब तेथे जेवायला गेलो, पूर्ण बिल भरले आणि नवा अभिप्राय लिहिला. भाकरी आणि झुणका उत्तम, मालक आमचे स्नेही आहेत, वड्यांसाठी मात्र चाळीस मिनिटे थांबावे लागले. तारे चार. त्यानंतर त्या कुटुंबाने काही आठवडे आमच्याशी अबोला धरला होता. आता बोलणे होते, पण पूर्वीसारखे नाही. त्यांच्याकडे वडे मात्र पंधरा मिनिटांत मिळू लागले आहेत, आणि हेही आम्ही तेथे लिहिले आहे.