डिस्क गोल्फचा पटर : हात, वारा आणि निवडीचा विवेक

न्यूझीलंडमधील अनेक सार्वजनिक उद्यानांत झाडांच्या आडोशाला लोखंडी खांब उभे दिसतात. खांबाच्या माथ्यावरून साखळ्यांची झालर लोंबत असते आणि तिच्या खाली उथळ टोपली बसवलेली असते. नव्याने स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना या रचनेचा उलगडा प्रथमदर्शनी होत नाही. हे डिस्क गोल्फचे मैदान. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकायची आणि शक्य तितक्या कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची, एवढाच या खेळाचा गाभा. क्वीन्सटाऊन गार्डन्समध्ये १९९६ साली देशातील पहिले मैदान उभे राहिले. वाकाटिपू सरोवरात शिरलेल्या भूशिरावरील त्या उद्यानात आज पर्यटक आणि स्थानिक रहिवासी एकाच वाटेवर खेळताना दिसतात. अपर हटचे हारकोर्ट पार्क, क्राइस्टचर्चचे जेली पार्क, डनेडिनचे चिंगफर्ड पार्क अशा ठिकाणीही हा खेळ रुजला आहे. सार्वजनिक उद्यानांतील या मैदानांवर सहसा प्रवेशशुल्क नसते आणि सदस्यत्वाची अटही नसते. त्यामुळे आठवडाभर कार्यालयात बसणाऱ्या व्यावसायिकाला कुटुंबासह दोन तास मोकळ्या हवेत घालवण्याचा हा सोपा मार्ग ठरतो.

खेळात शिरणे सोपे असले, तरी साहित्याच्या दुकानात शिरताच गोंधळ सुरू होतो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर, मध्यम पल्ल्याच्या मिडरेंज आणि टोपलीत टाकण्यासाठीच्या पटर अशा तीन जातींच्या शेकडो चकत्या तेथे मांडलेल्या असतात. नवखा खेळाडू बहुधा ड्रायव्हरच्या मोहात पडतो, कारण दूर जाणारी चकती डोळ्यांत भरते. परंतु १८ टोपल्यांच्या फेरीचा हिशेब मांडला, तर वेगळेच चित्र दिसते. एखादी चमत्कारिक फेक वगळता प्रत्येक टोपलीचा शेवट जवळच्या फेकीने होतो. म्हणजे फेरीत अशा सुमारे १८ फेकी अटळ आहेत. दर तिसऱ्या टोपलीला जवळची एक फेक वाया गेली, तरी एकूण गुणसंख्येत ६ फेकींची भर पडते. ड्रायव्हरने मिळवलेले २० मीटर या ६ फेकींची भरपाई सहसा करू शकत नाहीत. म्हणून पहिला विचार पटरचा करणे श्रेयस्कर.

पटर वेगळा कशामुळे?

या खेळाला आजचे रूप देण्यात अमेरिकेच्या एड हेड्रिक यांचा मोठा वाटा आहे. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत त्यांनी काम केले होते. साखळ्यांच्या टोपलीची रचना त्यांचीच, आणि व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, त्यांनी १९७६ मध्ये स्थापन केली. आरंभी खेळाडू साध्या फ्रिस्बीच वापरत असत. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीचे डेव्ह डनिपेस यांनी उतरत्या, धारदार कडेची चकती बाजारात आणली आणि फेकीचा पल्ला एकाएकी वाढला. तेथून चकत्यांच्या जाती वेगळ्या होत गेल्या. ड्रायव्हरची कड रुंद आणि पातळ झाली. पटरने मात्र जुन्या फ्रिस्बीशी नाते राखले. त्याची कड अरुंद आणि बोथट असते, काठ खोल असतो आणि तो कमी वेगातही सरळ तरंगतो.

हे समजण्यासाठी उड्डाणाचे थोडे शास्त्र उपयोगी पडते. उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे ठेवून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. वेग अधिक असताना हवेच्या उचलीचे केंद्र चकतीच्या मध्याच्या मागे राहते आणि चकती उजवीकडे कलण्याचा प्रयत्न करते. वेग मंदावला की हे केंद्र मध्याच्या पुढे सरकते, पुढची कड वर उचलली जाऊ पाहते आणि फिरत्या भोवऱ्याच्या नियमानुसार चकती डावीकडे झुकते. डावखुऱ्यांच्या बाबतीत दिशा उलट होते. जवळच्या फेकीचा वेग मुळातच कमी असल्याने पटरला हा शेवटचा झुकाव टाळायचा किंवा निदान अंदाजात ठेवायचा असतो.

चार आकडे कसे वाचावेत

बहुतेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. वेग, तरंगण्याची क्षमता, आरंभीचे वळण आणि अखेरचा झुकाव असा त्यांचा क्रम. इनोव्हाच्या एव्हिअर या सुप्रसिद्ध पटरचे आकडे २, ३, ०, १ असे आहेत. म्हणजे वेग अल्प, तरंगणे मध्यम, आरंभी वळण नाही आणि अखेरीस किंचित झुकाव. डायनॅमिक डिस्क्सचा जज २, ४, ०, १ असा थोडा अधिक तरंगणारा, तर कास्टाप्लास्टचा बर्ग १, १, ०, २ असा मुद्दाम जड पडणारा.

हे आकडे वाटाड्याचे काम करतात, त्यांना प्रमाणपत्र मानू नये. पीडीजीए चकतीचा व्यास, वजन, कडेची जाडी अशा मोजमापांना मान्यता देते. उड्डाणाचे आकडे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा १ आणि दुसऱ्या कंपनीचा १ तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. नवख्याने अखेरचा झुकाव १ किंवा २ असलेला पटर घ्यावा. ० असलेला पटर कागदावर सर्वांत सरळ भासतो, पण वाऱ्याची झुळूक आली की तोच आधी बहकतो.

हाताची साक्ष

पटर निवडताना आकड्यांहून मोठा निकष म्हणजे हात. मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वाड्यांत कॅरम खेळून मोठ्या झालेल्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्पर्धेचा स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड असू शकत नाही, आणि त्या अल्प मर्यादेतही प्रत्येक मुरलेला खेळाडू स्वतःचाच स्ट्रायकर खिशात बाळगतो. दुसऱ्याचा स्ट्रायकर वाईट नसतो. बोटांना त्याची ओळख नसते, इतकेच.

पटरमध्ये ही ओळख तीन गोष्टींवर ठरते. पहिली, काठाची खोली. लांब बोटांना खोल काठ सुखावह वाटतो, लहान पंजाला तोच अडचणीचा होतो आणि चकती सुटताना बोट अडकते. दुसरी, काठाच्या तळाशी असलेली बारीक गोल उंचवट्याची रेघ. खेळाडू तिला मणी म्हणजे बीड असे संबोधतात. काहींना ती बोटाला निश्चित जागा देणारी खूण वाटते, काहींना खुपते. मणी असलेले पटर साधारणपणे अखेरीस अधिक झुकतात, मणीविरहित पटर अधिक सरळ जातात. तिसरी गोष्ट माथ्याची. काही पटरचा माथा घुमटाकार, काहींचा सपाट असतो. घुमट अधिक तरंगतो, सपाट माथ्यावर अंगठा अधिक स्थिर बसतो.

दुकानात चकती हातात घेऊन, डोळे मिटून, फेकण्याच्या पकडीत दहा-बारा वेळा धरून पाहावी. दर वेळी बोटे विनासायास त्याच जागी गेली, तर ती चकती हाताला मानवली असे समजावे. बोटे जागा शोधत राहिली, तर ती कितीही नामांकित असली तरी परत ठेवावी.

वजन आणि प्लॅस्टिक

नियमांनुसार चकतीचे वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमहून अधिक असू शकत नाही. पटरचा व्यास साधारण २१.२ सेंटिमीटर असल्याने कमाल वजन १७६ ग्रॅमच्या आसपास येते. सुदृढ प्रौढ खेळाडूने १७० ते १७५ ग्रॅमचा पटर घ्यावा, कारण जड चकती वाऱ्यात कमी डगमगते. लहान मुलांना, किंवा ज्यांच्या मनगटाला वा खांद्याला ताण सोसत नाही त्यांना, १५० ग्रॅमच्या आसपासची चकती सोयीची पडते.

प्लॅस्टिकच्या बाबतीत महाग ते उत्तम हा समज येथे उलटा ठरतो. टणक, गुळगुळीत आणि महाग प्लॅस्टिक ड्रायव्हरसाठी योग्य, कारण ते झाडांचे तडाखे सोसते. पटरला मात्र पकड हवी. साध्या, किंचित रबरी प्लॅस्टिकचे पटर स्वस्त असतात, पावसाने ओलसर झालेल्या हातातही निसटत नाहीत आणि साखळ्यांवर आदळून उसळण्याऐवजी बिलगतात, असा खेळाडूंचा अनुभव आहे. त्यांची झीज लवकर होते हे खरे, पण टोपलीजवळच्या सौम्य वापरात ती बेताचीच राहते. थंडीत प्लॅस्टिक कडक होते आणि उन्हात मऊ पडते. न्यूझीलंडच्या जुलैमध्ये मऊ वाटणारा पटर जानेवारीत लिबलिबीत होऊ शकतो, म्हणून मध्यम कडकपणा बरा. बंद मोटारीच्या काचेमागे चकत्या ठेवू नयेत. उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो.

वाऱ्याचे राज्य

न्यूझीलंडमध्ये पटरची खरी परीक्षा वारा घेतो. कुकच्या सामुद्रधुनीतून घुसणारा वेलिंग्टनचा वारा आणि कँटरबरीच्या मैदानावर उतरणारा कोरडा वायव्य वारा यांना तोंड दिल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. समोरून येणाऱ्या वाऱ्यात चकतीला हवेचा सापेक्ष वेग अधिक जाणवतो. ती उजवीकडे कलू लागते, वर उचलली जाते आणि टोपलीवरून निघून जाते. अशा वेळी अखेरचा झुकाव २ किंवा ३ असलेला पटर दिशा धरून राहतो. पाठीमागून वारा असेल तर उलट घडते. उचल कमी होते, चकती लवकर खाली येते आणि टोपलीच्या पुढ्यात पडते. तेथे थोडा अधिक तरंगणारा पटर किंवा किंचित उंच नेम कामी येतो.

यावरून दोन पटर बाळगावेत असा मोह होतो. अनुभवी खेळाडूंपैकी काहींचा तो मार्ग आहेही. पण नवख्याने पहिल्या वर्षी एकच साचा ठेवावा आणि वाऱ्यानुसार नेम बदलायला शिकावे. साधन बदलत राहिले, तर चूक वाऱ्याची, हाताची की चकतीची, हे कधीच कळत नाही.

फेकण्याची शैली

टोपलीपासून १० मीटरच्या आत एक नियम लागू होतो. चकती सोडल्यानंतर तोल पूर्ण सावरल्याचे दिसल्याखेरीज टोपलीकडे पाऊल टाकता येत नाही. या वर्तुळात दोन शैली प्रचलित आहेत. काही जण मनगटाच्या झटक्याने चकतीला भरपूर गिरकी देऊन सरळ रेषेत पाठवतात. काही जण गिरकी कमी ठेवून पाय आणि खांद्याच्या जोरावर तिला कमानीसारखी वरून उतरवतात. पहिल्या शैलीला सपाट माथ्याचा, सरळ जाणारा पटर मानवतो. दुसऱ्या शैलीत चकती संथपणे उतरते, म्हणून खोल काठाचा, अंदाजात झुकणारा पटर सोयीचा. गिरकी देणाऱ्याची हुकलेली फेक टोपलीमागे दूर जाते, तर कमानीने टाकणाऱ्याची फेक जवळच पडते. क्वीन्सटाऊनसारख्या पाण्याकाठच्या मैदानावर हा फरक किरकोळ राहत नाही.

खरेदीपूर्वीची कसोटी

सर्वांत विश्वासार्ह पद्धत साधी आहे. ओळखीच्या खेळाडूंकडून तीन वेगवेगळे पटर मागून घ्यावेत. ५ मीटरवरून प्रत्येकाच्या १० आणि ८ मीटरवरून प्रत्येकाच्या १० फेकी कराव्यात, आणि हीच कसोटी दुसऱ्या एखाद्या वाऱ्याच्या दिवशी पुन्हा घ्यावी. किती चकत्या टोपलीत पडल्या याच्याइतकेच हुकलेल्या चकत्या कोठे पडल्या हेही टिपावे. हुकलेल्या फेकी एकाच बाजूला पडत असतील, तर ती चूक सुधारता येते. चारी दिशांना विखुरत असतील, तर तो पटर हाताला मानवलेला नाही. निवड झाल्यावर एकाच साच्याचे, एकाच प्लॅस्टिकचे आणि शक्यतो एकाच वजनाचे तीन पटर घ्यावेत. सराव सलग होतो आणि एखादा पाण्यात गेला तरी हाताची सवय मोडत नाही.

खरेदी करताना स्थानिक मालाकडेही लक्ष द्यावे. न्यूझीलंडची आरपीएम ही कंपनी आपल्या चकत्यांना येथील पक्ष्यांची माओरी नावे देते. रुरु म्हणजे घुबड आणि ताकापू म्हणजे गॅनेट हा समुद्रपक्षी, हे तिचे पटर. पीवाकावाका म्हणजे पंख्यासारखे शेपूट उघडणारा पक्षी, हेही नाव तिच्या एका चकतीला मिळाले आहे. घरातील मुलांना खेळाबरोबर या देशाची पाखरे आणि भाषा ओळखीची होतात, हा जोडलाभ.

निवड झाली की मग ती किमान एक हंगाम बदलू नये. दोन फेकी हुकल्या की नवा पटर शोधणाऱ्याची गत ‘नाचता येईना अंगण वाकडे’ अशी होते, आणि घरात चकत्यांचा ढीग वाढत जातो. एव्हिअर घ्यावा की रुरु, हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. त्या चकतीशी हाताचे सख्य जमायला मात्र रोज दहा मिनिटांचा, कित्येक महिन्यांचा सराव लागतो.