छोट्या पेटीतला व्ही.आर. संगणक : सुटे भाग कसे निवडावेत?

संगणक जुळवून विकणाऱ्या आपल्या बांधवांकडे व्ही.आर. खेळांसाठी लहान संगणकाची ऑर्डर आली, तर खरेदीचा क्रम सांभाळावा. क्रम चुकला की भाग पेटीत बसत नाहीत आणि भांडवल अडकते.

व्ही.आर.मध्ये डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांना वेगळे चित्र दिसते. ते बहुधा सेकंदाला 90 वेळा बदलते, म्हणजे एका चित्राला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. चित्र अडखळले की खेळणाऱ्याला मळमळते. म्हणून सर्वात जास्त पैसा ग्राफिक्स कार्डावर घालावा.

मात्र आधी कॅबिनेट ठरवावे. त्यात किती लांब-जाड कार्ड आणि किती उंच कूलर बसतो हे पाहून मगच ते घ्यावेत. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे 170 मि.मी. चौरस घ्यावा. त्यावर रॅमचे स्लॉट सहसा दोनच असतात. म्हणून 16 जीबीच्या दोन पट्ट्या एकदमच घ्याव्यात. नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय अशा पुष्कळ पेट्यांत मावत नाही, तिथे एसएफएक्स लागतो. कार्डाच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा त्याचे वॅट कमी नसावेत. हेडसेटला डिस्प्लेपोर्ट लागतो, यूएसबी लागते की वाय-फाय, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारावे.

लहान पेटी लवकर तापते. म्हणून माल देण्यापूर्वी तासभर खेळ चालवून पाहावा. कार्ड जुने असेल तर तसे सांगूनच विकावे, असा आमचा आग्रह आहे. ऐब लपवून केलेल्या कमाईत बरकत नसते.